न उघडलेले इंजिन: रायपूरच्या रस्त्यांवरील मोटरसायकल आणि तिचे आयुष्य

मोटरसायकलचे इंजिन कंपनीने दिले तसेच ठेवले तर ते जास्त टिकते, हा समज मध्य भारतातील जुन्या गाड्यांच्या बाजारात पक्का रुजलेला आहे आणि त्याला रोख किंमतही आहे. रायपूर असो वा नागपूर, सौदा होताना ‘इंजिन उघडलेले नाही’ आणि ‘सगळे कंपनी फिटिंग आहे’ ही दोन वाक्ये ऐकवली जातात आणि घेणारा त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. या दोन वाक्यांचा अर्थ मात्र वेगवेगळा आहे. पहिले दुरुस्तीबद्दल सांगते, दुसरे फेरफाराबद्दल. उघडलेले इंजिन बोअर करून, नवा पिस्टन घालून पुन्हा मूळ मापांवर जोडता येते. उलट, एकदाही न उघडलेल्या इंजिनाला चुकीचा जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र), फिल्टरशिवायचा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर लावला, तर त्याचे काम मुळापासून बदलते. मूळ रूप आणि आयुष्य यांचा संबंध नेमका कुठे जुळतो, हे छत्तीसगडच्या राजधानीतील उष्णता, धूळ आणि लांब रस्ते यांच्या कसोटीवर चांगले दिसून येते.

इंजिनाचे आयुष्य म्हणजे त्याच्या काही ठरावीक भागांचे आयुष्य. सिलिंडरची आतील भिंत, पिस्टनच्या रिंगा, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांची बेअरिंग, व्हॉल्व आणि त्यांची बैठक, टायमिंग चेन हे भाग आधी झिजतात. ही झीज चार गोष्टींनी वाढते: फेऱ्यांचा वेग, उष्णता, हवेतून आत जाणारी धूळ आणि वंगणाचा अभाव. कारखाना इंजिन आखतो तेव्हा या चारही बाबतीत काही मोकळीक राखून ठेवतो. पेट्रोल हलक्या प्रतीचे निघेल, ऑईल बदलायला उशीर होईल, एका गाडीवर तिघे बसतील, उन्हाळ्यात घाट चढावा लागेल, हे सारे गृहीत धरून ही मोकळीक ठरलेली असते. इंजिनातील बहुतेक फेरफार हीच मोकळीक खर्च करून ताकद मिळवतात. मूळ रूपातील इंजिन जास्त टिकण्याचे खरे कारण इथे आहे, आणि ही मोकळीक प्रत्येक काळात सारखी नव्हती.

ज्या रायपूरच्या कसोटीवर ही मोकळीक पाहायची, ते 1818 नंतर छत्तीसगडच्या प्रशासनाचे केंद्र बनले. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता, आणि त्या काळापासून शहरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. तात्यापारा हा भाग तिची आठवण देतो. 1880 च्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग छत्तीसगडात आला. 1956 पर्यंत रायपूर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. नागपूरहून येऊन संबळपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, आजचा जी. ई. रोड, शहराच्या मधून जातो. जगदलपूरकडे जाणारा सुमारे 300 किलोमीटरचा रस्ता केशकालच्या घाटातून वर चढतो. सपाट प्रदेशातील लांब पल्ला आणि दक्षिणेला घाट, असे दोन्ही प्रकारचे काम इथल्या इंजिनाला करावे लागते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या ब्रिटिश मोटरसायकली भारतात विकल्या गेल्या. त्या पिढीचा नमुना म्हणून बी.एस.ए. कंपनीची एम 20 घेता येईल. युद्धकाळात तिच्या सव्वा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. 496 सीसीचे साइड व्हॉल्व इंजिन जेमतेम 13 अश्वशक्ती देत असे, म्हणजे दर लिटरमागे अवघी 26. तिचा कॉम्प्रेशन रेशो 5 : 1 च्याही खाली होता, कारण युद्धभूमीवर कोणते पेट्रोल मिळेल याची खात्री नव्हती. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण फारसे दाबलेच जात नसल्याने हलक्या पेट्रोलवरही ते अवेळी पेटत नसे. अशा इंजिनात मोकळीक भरपूर होती. ताकद कमी, पण चुकीचे पेट्रोल, जाडेभरडे ऑईल आणि अर्धवट दुरुस्ती हे सगळे ते सोसत असे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि मोटरसायकली देशात बनू लागल्या. भारतीय लष्कराने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल एनफील्डच्या बुलेट मागवल्या. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे बुलेट 350 तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 मध्ये जावा रस्त्यावर आणली. 1973 पासून तीच परंपरा येझदी या नावाने चालली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने 1962 च्या सुमारास पोलिश बनावटीवर आधारलेली 175 सीसी वर्गातील राजदूत बाजारात उतरवली. पुढची दोन दशके भारतीय मोटरसायकलचा बाजार मुख्यतः या तीन घराण्यांच्या हाती होता.

बुलेटचे टिकाऊपण त्या काळात म्हणीसारखे झाले. त्याचे कारण आकड्यांतून समजते. तिचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर आणि क्षमता 346 सीसी. ताकद 18 अश्वशक्ती, म्हणजे दर लिटरमागे सुमारे 52. पूर्ण ताकद मिनिटाला 5,625 फेऱ्यांना मिळते. त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास 17 मीटर होतो, आणि लांब स्ट्रोकच्या जुन्या इंजिनाला तो जास्तच आहे. म्हणजे बुलेट सतत पूर्ण वेगाने पळवली तर तिच्यात मोकळीक फारशी उरत नाही. पण तिचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळत असल्याने चालवणारा तिला सहसा 3,000 फेऱ्यांच्या आसपास ठेवी. तिथे पिस्टनचा वेग सेकंदाला 9 मीटरवर येतो. बुलेट टिकली ती मूळ रूपामुळे, आणि तितकीच त्या रूपाने चालवणाऱ्याला लावलेल्या संथ चालीमुळे. तिच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंगऐवजी तरंगती बुश असे. या बुशला दाबाने ऑईल मिळत राहिले तर ती वर्षानुवर्षे चालते. ऑईल घाण झाले किंवा थंड इंजिन जोरात फिरवले तर तीच आधी जाते.

जावा, येझदी आणि राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्यात व्हॉल्व नाहीत, टायमिंग चेन नाही, वंगण म्हणून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे. त्यांचे आयुष्य ठरे ते या मिसळीवर. पैसे वाचवण्यासाठी ऑईल कमी घातले तर पिस्टन जाम होई; जास्त घातले तर सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्ट काजळीने भरत. इंजिन पूर्ण कंपनी फिटिंगचे असूनही पेट्रोल पंपावरच्या चुकीच्या मापाने ते संपू शकत होते.

या काळात नवी गाडी मिळायला थांबावे लागे आणि अस्सल सुट्या भागांचीही टंचाई असे. म्हणून एकदा घेतलेली गाडी शेवटपर्यंत चालवायची आणि त्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा उघडायचे, हा रिवाज पडला. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. रायपूरच्या पश्चिमेला जेमतेम तीस किलोमीटरवर टर्नर, फिटर आणि मशिनिस्ट यांची मोठी फळी उभी राहिली. लेथवर माप काढून काम करण्याची सवय परिसरात रुजणे मोटरसायकल दुरुस्तीच्या दृष्टीने मोलाचे होते, कारण बोअरिंग हे डोळ्यांच्या अंदाजाने होणारे काम नव्हे.

बोअरिंगचे काम जवळून पाहिले तर दुरुस्ती आणि फेरफार यांची सीमा लक्षात येते. मिस्त्री हेड काढतो आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवतो. रिंग जिथपर्यंत चढते त्याच्या वर भिंत झिजलेली नसते, म्हणून तिथे एक बारीक कडा तयार होते. नख तिला अडकले की झीज कळते. मग बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी माप घेतले जाते. सिलिंडर फक्त मोठा होत नाही, तो लंबगोलही होतो. पिस्टन ज्या दोन बाजूंना रेटला जातो तिथे धातू जास्त जातो. त्यानंतर सिलिंडर 0.25 मिलिमीटरने मोठा करून त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालतात. पुढच्या खेपेला 0.50, मग 0.75, शेवटी 1.00. प्रत्येक खेपेला अखेरीस हॉनिंग करून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा काढतात. या रेषांत ऑईल धरून राहते आणि नव्या रिंगा त्यावर बसतात. चौथ्या बोअरनंतर नवी स्लीव्ह बसवायची आणि पुन्हा मूळ मापापासून सुरुवात करायची.

50 मिलिमीटरचा बोअर 51 झाला की क्षमता 4 टक्क्यांनी वाढते. काटेकोर अर्थाने हे इंजिन आता मूळ राहिलेले नाही. तरीही त्याचे आयुष्य कमी होत नाही, कारण कारखान्यानेच ही पायरी आखून दिलेली आहे आणि पिस्टन व भिंत यांच्यातील मोकळी जागा तीच राहते. चांगल्या बोअरिंगनंतर पहिले काही शे किलोमीटर गाडी संयमाने चालवली तर इंजिन नव्यासारखे चालते. उलट गेज न लावता केलेल्या कामात पिस्टन घट्ट बसला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो जाम होतो, आणि सैल बसला तर खडखडत राहतो व ऑईल जाळतो. ‘इंजिन उघडलेले नाही’ या वाक्याला किंमत आली ती अशा कामांमुळे. ग्राहकाला भीती इंजिन उघडण्याची नव्हती, ते कोणी आणि कसे उघडले याची होती.

ताकदीसाठी फेरफार करण्याची लाट देशात 1980 च्या दशकात खऱ्या अर्थाने आली. सरकारने परदेशी सहकार्याला वाट मोकळी करून दिली आणि जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. त्यांतील पहिली मोठी गाडी स्वतःच फेरफाराचे उदाहरण होती. यामाहाची आरडी 350 जपानमध्ये 39 अश्वशक्तीची होती. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये ती राजदूत 350 या नावाने आणली तेव्हा इंधन वाचावे म्हणून तिची ताकद कमी करण्यात आली. हाय टॉर्क आवृत्तीत ती 30.5 अश्वशक्तीवर आली आणि नंतरच्या लो टॉर्क आवृत्तीत 27 वर. मूळ रूप हा शब्द इथे दोन अर्थांचा होतो: भारतीय कारखान्याचे मूळ रूप एक आणि जपानी आराखड्याचे दुसरे. अनेक मालकांनी पोर्ट, जेट आणि सायलेन्सर बदलून गाडी जपानी आकड्यांकडे नेण्याचा प्रयत्न केला. क्रँक आणि गिअरबॉक्स मुळात जास्त ताकदीसाठी आखलेले असल्याने नीट केलेले हे काम इंजिन लगेच मोडत नसे. पण चुकीच्या जेटमुळे मिश्रण पातळ झाले की पिस्टनला भोक पडे.

1985 मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स 100 ने फेरफाराच्या धंद्याला खरा जोर दिला. बोअर 50, स्ट्रोक 50, क्षमता 98 सीसी, ताकद 11 अश्वशक्ती. दर लिटरमागे 112 अश्वशक्ती, म्हणजे बुलेटच्या दुपटीहून अधिक आणि जपानी आरडीच्या बरोबरीची. गाडीचे वजन शंभर किलोच्या थोडे वर. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानतळावर आणि 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ज्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या धावल्या, त्यांच्यात या गाडीला मानाचे स्थान होते. शर्यतीतील युक्त्या गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोहोचल्या: एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून उंच करणे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, मोठा कार्ब्युरेटर बसवणे, एक्स्पान्शन चेंबर लावणे.

या प्रत्येक कृतीची किंमत मोजता येते. पोर्ट उंच केले की ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते. आरएक्स 100 आपली पूर्ण ताकद 7,500 फेऱ्यांना देते. ती 9,000 वर नेली तर पिस्टन आणि रॉडला बसणारा जडत्वाचा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 20 टक्क्यांनी वाढला, हिसका 44 टक्क्यांनी. क्रँकची बेअरिंग मात्र तीच राहतात. त्यात या इंजिनाचा ऑईल पंप थ्रॉटल आणि फेऱ्यांनुसार ठरलेले ऑईल पुरवतो. पेट्रोल वाढवणारा मोठा जेट लावला तरी पंप आपण होऊन जास्त ऑईल देत नाही. हेड घासल्याने उष्णता वाढते, पण तिला बाहेर टाकणाऱ्या पंखांचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. शर्यतीच्या इंजिनात हे सगळे चालते, कारण तिथे काही शर्यतींनंतर पिस्टन आणि रिंगा बदलायच्याच असतात. रोज कामाला जाणाऱ्याने तेच इंजिन वापरले तर शर्यतीच्या इंजिनाची देखभालही त्याच्या माथी येते, आणि ती तो सहसा करत नाही.

1985 मध्येच आलेल्या हीरो होंडा सीडी 100 ने याच्या उलट दिशेने बाजार जिंकला. हरियाणातील धारुहेडा येथे बनलेली ही 97.2 सीसीची चार-स्ट्रोक गाडी सुमारे साडेसात अश्वशक्ती देत असे. लिटरला 80 किलोमीटरचे आकडे आणि पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा अशा आशयाची जाहिरात यांनी तिला घराघरांत नेले. 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरने तीच वाट रुंद केली. या गाड्यांत फेरफार करण्याचा मोह कमी होता, कारण घेणाऱ्याला वेग नको होता, मायलेज हवे होते. इंजिनाला हात न लावण्याची सवय भारतीय घरांत मुख्यतः या गाड्यांनी लावली. त्यांच्या आराखड्यात मोकळीकही मुबलक होती: हलका पिस्टन, छोटा स्ट्रोक, मध्यम कॉम्प्रेशन.

तरीही विसरून जाणे या इंजिनांना परवडत नाही. त्यात ऑईल असते सुमारे एक लिटर. बदलता येणारा कागदी फिल्टर नसतो. एक जाळी आणि फिरत्या चकतीत कचरा अडकवणारा अपकेंद्री फिल्टर, एवढीच गाळणी. म्हणजे घाण बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग ऑईल बदलणे हाच आहे. ते वेळच्या वेळी न झाल्यास कॅम, रॉकर आणि टायमिंग चेन झिजतात आणि हेडमधून टकटक सुरू होते. स्क्रूलाही हात न लावलेले, पूर्णपणे मूळ रूपातील इंजिन अशा दुर्लक्षाने लवकर संपते.

रायपूरचे हवामान इंजिनाची मोकळीक आणखी कमी करते. मे महिन्यात तापमान 42 ते 45 अंशांपर्यंत जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता बाहेर पडण्याचा वेग पंख आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरतो. हवाच तापलेली असली की तो फरक कमी होतो. थंडीत चालून जाणारा फेरफार उन्हाळ्यात सिग्नलला थांबून थांबून चालताना अंगाशी येतो. गाडी तापली की ऑईल पातळ होते, म्हणून इथे 20 डब्ल्यू 40 किंवा जुन्या बुलेटसाठी 20 डब्ल्यू 50 या जाड प्रतींचा वापर रूढ झाला.

धूळ हा दुसरा भाग. छत्तीसगडातील शेतकरी जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा असे प्रकार सांगतात. त्यांतील भाटा म्हणजे लाल, मुरमाड जमीन. कच्च्या रस्त्यावर तिचीच धूळ उडते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांत स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलची काजळी तिच्यात मिसळते. धुळीतील गारगोटीचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. 97 सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन 5,000 फेऱ्यांना, पूर्ण थ्रॉटलवर, तासाला 14,000 लिटरहून अधिक हवा आत घेऊ शकते. या हवेला गाळणारा एकच अडसर म्हणजे एअर फिल्टर. आवाज भरदार यावा आणि इंजिनाने मोकळा श्वास घ्यावा म्हणून फिल्टरचा डबा काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त फेरफार आहे आणि रायपूरसारख्या ठिकाणी सर्वांत महागात पडणारा. कण ऑईलमध्ये मिसळतात, रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये घासत राहतात आणि बोअरिंगची पाळी कित्येक हजार किलोमीटर अलीकडे येते.

चार-स्ट्रोक इंजिनात हेड घासण्याचा हिशोबही असाच आहे. 97 सीसी आणि 9 : 1 कॉम्प्रेशनच्या इंजिनात ज्वलनाची जागा 12 सीसीच्या आसपास असते. हेडची बैठक अर्ध्या मिलिमीटरने घासली की ती सुमारे 1 सीसीने घटते आणि रेशो 9.7 च्या जवळ जातो. ताकद किंचित वाढते. पण व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यातील अंतर कमी होते, टायमिंग चेन तेवढी ढिली पडते, कॅमची वेळ सरकते आणि उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोकू लागते. एका ठिकाणी केलेला बदल चार ठिकाणी हिशोब मागतो, आणि बहुतेक गॅरेजमध्ये तो चारही ठिकाणी चुकता होत नाही.

सगळेच बदल घातक नसतात. मालवाहू वापरासाठी पुढचा स्प्रॉकेट 14 ऐवजी 13 दातांचा लावला तर त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सुमारे 8 टक्क्यांनी वाढतात. सपाट रस्त्यावर हे नुकसानीचे. मात्र दुधाचे कॅन लादून कच्च्या वाटेने जाणाऱ्या गाडीला कमी फेऱ्यांत धापा टाकत ओढण्यापेक्षा ते सोयीचे ठरते. जुन्या बुलेटच्या कॉन्टॅक्ट ब्रेकरची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी लागते. ती झिजेने बदलली की ठिणगीची वेळ चुकते आणि इंजिन तापते. त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तर हे सरकणे थांबते. ऑईल गाळण्याची सुधारलेली व्यवस्था, चांगल्या धातूची स्लीव्ह, योग्य जेटसह बसवलेला सायलेन्सर यांनी आयुष्य घटत नाही, काही वेळा वाढते. या बदलांत एक गोष्ट समान आहे: ते ताकद मागत नाहीत, उष्णता, धूळ किंवा घर्षण आवरतात.

ताकद जास्त म्हणजे आयुष्य कमी, असा सरळ नियमही मांडता येत नाही. केटीएम 390 ड्यूकची 2023 पर्यंत चाकणला बनलेली आवृत्ती 373 सीसीतून 43 अश्वशक्तीच्या आसपास देत असे. दर लिटरमागे ती आरएक्स 100 च्याही पुढे होती. पण तिच्यात पाण्याने थंड होणारे इंजिन, कठीण मुलामा दिलेली सिलिंडरची भिंत, दाबाने फिरणारे आणि फिल्टरमधून गाळलेले ऑईल हे सगळे त्या ताकदीच्या हिशोबाने आखलेले होते. कारखान्याने दिलेली ताकद आणि गॅरेजमध्ये काढलेली ताकद यांत फरक हा की पहिल्या बाबतीत सगळे भाग एकमेकांच्या मापाचे असतात.

1990 नंतर कायदाही मूळ रूपाच्या बाजूने उभा राहिला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील फेरफारांबद्दल आहे. 2000 मधील दुरुस्तीने ते कडक झाले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आणली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत चाचणी होऊन गाडीच्या नमुन्याला मान्यता मिळते. ती मान्यता धूर, आवाज आणि इंजिन यांच्या एका ठरावीक जुळणीला असते. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाले आणि मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. आता मिश्रण संगणक ठरवतो. सायलेन्सर किंवा फिल्टर बदलला तर तो काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो, त्यापलीकडे नाही.

याच काळात पेट्रोलने मूळ रूपाची जुनी समजूत हलवली. इथेनॉलचे प्रमाण वाढत 20 टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि 10 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज अशा पेट्रोलवर 3 ते 4 टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून जाणारे मिश्रण पातळ होते. रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होऊ शकतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीत ओलावा धरतो. 1985 च्या इंजिनाला तंतोतंत 1985 च्या स्थितीत ठेवले, तरी त्याच्या पोटात जाणारे इंधन 1985 चे नाही. अशा गाडीचा जेट एका पायरीने मोठा करणे आणि नळ्या बदलणे हा फेरफार असला, तरी तो इंजिन वाचवणारा आहे.

छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले आणि रायपूरच्या नव्या गाड्यांवर सीजी 04 ही अक्षरे आली. मध्य प्रदेशच्या पाटीच्या बुलेट, येझदी आणि आरएक्स 100 आज संग्राह्य ठरत आहेत. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. मूळ क्रमांकाचे, मूळ रचनेचे इंजिन असेल तर हा व्यवहार सोपा जातो आणि किंमतही टिकते.

एवढ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. हवेने थंड होणाऱ्या, रोजच्या वापराच्या मोटरसायकलला ताकदीसाठी हात न लावणे हा तिचे आयुष्य वाढवण्याचा भरवशाचा मार्ग आहे, कारण कारखान्याने राखलेली मोकळीक त्यामुळे शाबूत राहते. मात्र ती मोकळीक मूळ रूपात असली तरी दुर्लक्षानेही तितक्याच वेगाने संपते. म्हणून रायपूरमध्ये जुने इंजिन पारखताना ते उघडले आहे का, यापेक्षा तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात: फिल्टर जागेवर आहे का, ऑईल वेळच्या वेळी बदलले का, आणि उघडले असेल तर ते मापाने जोडले का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर चार वेळा बोअर झालेले इंजिनही अजून बरीच वर्षे चालते. नसतील तर कंपनी फिटिंगची ग्वाही त्याला वाचवत नाही.